खळ्यावरचा हिशेब

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या विभागीय शिबिरात केलेले भाषण)



या सत्राचा विषय पत्रिकेत छापला आहे तो असा : 'शाश्वत विकासासाठी जागतिक भागीदारी'. ही पत्रिका घेऊन मी आमच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. तिथल्या एका मावशींनी अक्षरं लावत लावत विषय वाचला आणि विचारलं, "भागीदारी म्हंजी बटईवानीच का ओ ताई? मंग खळ्यावर वाटणी कोण करतंय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण तो प्रश्न काही माझा पिच्छा सोडेना. म्हणून आज जे बोलणार आहे ते त्याच प्रश्नाला धरून बोलते.

शहरातून आलेल्या मैत्रिणींसाठी आधी बटई म्हणजे काय ते सांगते. जमीन आहे पण कसायला माणूस नाही, असा माणूस शेत दुसऱ्याला वाट्याने लावतो. बी कुणाचं, खत कुणाचं, बैल कुणाचे, हे पाडव्याच्या सुमाराला ठरतं. माल खळ्यावर आला की दोघांच्या देखत मोजायचा आणि ठरल्याप्रमाणे वाटून न्यायचा. ही काही फार न्यायाची पद्धत आहे असं मी म्हणत नाही. तिच्यातही मालक नाडतोच. आणि बटई ठरते नवऱ्याच्या नावाने, खुरपणं-वेचणं मात्र बाईचं. तरी एक गोष्ट तिच्यात आहे. कुणी काय घातलं आणि कुणी काय नेलं, हे चारचौघांना दिसतं. वाटा न मिळणाऱ्याला आपल्याकडे भागीदार म्हणत नाहीत, गडी म्हणतात.

आता ही जागतिक भागीदारी. १९७० साली संयुक्त राष्ट्रसंघात ठराव झाला की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांच्या विकासासाठी द्यावी आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा गाठावा. २०२४ साली तो गाठणारे देश किती होते? चार. नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क. सगळ्या देणगीदार देशांची मिळून सरासरी ०.३३ टक्के भरली, म्हणजे कबूल केलेल्याच्या निम्म्याहून कमी. २०२५ मध्ये तर अमेरिकेने यूएसएड ही आपली मदतसंस्थाच गुंडाळून टाकली. बी देतो म्हणून सांगितलं आणि पेरणीला अर्धंच आणलं, असा हा पन्नास वर्षांवरचा बटईदार.

कागदावर मात्र आपण बायका आहोत, आणि ते आपोआप झालेलं नाही. १९९१ च्या नोव्हेंबरात बेला ॲबझग आणि इतर जणींच्या पुढाकाराने मायामीला ८३ देशांतल्या सुमारे दीड हजार स्त्रिया जमल्या, त्यांनी आपला मसुदा तयार केला आणि तो घेऊन त्या पुढच्या वर्षीच्या रिओ परिषदेच्या तयारीत शिरल्या. रिओच्या जाहीरनाम्यातलं विसावं तत्त्व आणि 'अजेंडा २१' मधलं चोविसावं प्रकरण स्त्रियांविषयी आहे, त्यामागे हे कष्ट आहेत. १९९५ ला बीजिंग झालं. २०१५ मध्ये सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं आली. पाचवं स्त्री-पुरुष समानतेचं, आणि सतरावं, शेवटचं, भागीदारीचं. पाचव्या उद्दिष्टात घरकामाच्या बिनमोल श्रमांची दखल घ्या असं लिहिलंय, जमिनीवर स्त्रियांना समान हक्क द्या असंही लिहिलंय. सतराव्यात सरकार, खासगी क्षेत्र आणि नागरी संघटना यांनी मिळून काम करावं असं आहे. अडचण अशी की आपल्याकडे येणारा प्रकल्प बहुतेक वेळा सतराव्याच्या दाराने येतो आणि पाचवं उंबऱ्याबाहेर ठेवतो.

श्रीमंत देशांना नावं ठेवण्यात मी आज फार वेळ घालवणार नाही. ते आपल्याला चांगलं जमतं, आणि त्यात आपली आपल्या माणसांकडे बघण्यातून सुटकाही होते. मला दोराच्या आपल्या हातातल्या टोकाविषयी बोलायचं आहे.

महाराष्ट्रात या प्रकारच्या भागीदारीचं चांगलं म्हणून गाजलेलं उदाहरण म्हणजे १९९२ पासूनचा इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. दोन देशांच्या सरकारांमधला करार, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचा पैसा, इकडे नाबार्ड, आणि गावात ग्रामसभेने नेमलेली पाणलोट समिती. नगर जिल्ह्यात आयुष्य घालवलेले स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाकर यांच्या आग्रहातून तो उभा राहिला. गाव आधी श्रमदान करून दाखवील, तरच गावाची निवड. पैसा ठेकेदाराकडे न जाता गावाच्या समितीकडे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेल्या बायकांना विचारा, कामाची जागा गावाने ठरवणं ही केवढी मोठी गोष्ट होती! या धर्तीवर पुढे नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी उभारला गेला. तेव्हा परदेशी पैसा म्हणजे सगळं वाईट, असं मी म्हणणार नाही. टँकरवर जगणारी गावं टँकरमुक्त झालेली आहेत.

पण पाणलोटाचं काम चालतं कसं ते बघा. 'माथा ते पायथा' हे त्याचं सूत्र. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर खणायचे, झाडं लावायची, मग उतारावर बांधबंदिस्ती, मग खाली नाला बांध. वर पाणी अडवायचं, ते खाली जिरतं. शास्त्र अगदी बरोबर आहे. आता माथ्यावर काय असतं? गायरान, पडीक माळ, वनखात्याची जमीन. ती वापरतं कोण? ज्यांना जमीन नाही ते. त्यांच्या शेळ्या तिथे चरतात, त्यांच्या बायका तिथून सरपण आणतात. पायथ्याला काय असतं? काळी जमीन आणि विहिरी. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी माथ्यावर लागते आणि पाणी पायथ्याला चढतं. १८८२ सालच्या इझमेंट कायद्यापासून आपल्याकडे जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं धरलेलं आहे. अलीकडे भूजलावर नियमन आणणारे कायदे झाले, पण विहीर ज्याची पाणी त्याचं, हा व्यवहार गावात आजही तसाच आहे. आणि जमीन बाईची किती? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर वहिवाटींपैकी जेमतेम चौदा स्त्रियांच्या नावावर निघाल्या. आपल्या राज्यात १९९४ ला मुलींना वारसाहक्काचा कायदा झाला, शेतकरी संघटनेने त्याच्याही आधी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तरी चित्र हे असं आहे.

आता माझ्या कामाविषयी सांगते. नाव घेणार नाही, गावाचंही नाही आणि संस्थेचंही नाही. नावं घेतली की चर्चा नावांचीच होते.

एम.एस.डब्ल्यू. करून मी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगराकडेच्या एका गावात पाणलोटाच्या कामावर रुजू झाले. पैसा परदेशातून यायचा, एका मोठ्या संस्थेमार्फत आमच्या संस्थेला. माझ्याकडे 'महिला सहभाग' हे खातं होतं. खातंच म्हणते, कारण त्याचं वेगळं रजिस्टर होतं.

बीडच्या डोंगरपट्ट्यातली निम्मी वस्ती दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाते आणि चैत्राच्या सुमाराला परत येते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल दोघांच्या नावावर फिटते. चराईबंदीचा ठराव आमच्या गावात झाला तो डिसेंबरच्या ग्रामसभेत. आर्थिक वर्ष संपायच्या आत पहिला हप्ता खर्ची पडायला हवा होता, म्हणून घाई. महिलांची ग्रामसभा आधी घ्यावी लागते, तीही मी घेतली. तिला आल्या त्या विहिरी असलेल्या घरांतल्या बायका, आणि आल्या त्याही कौतुकानेच, मी त्यांना दोष देत नाही. तांड्यावरच्या आणि दलित वस्तीतल्या बायका तेव्हा दोन जिल्हे ओलांडून पालात होत्या. ज्यांच्या शेळ्यांवर बंदी यायची त्यांतली एकही बाई त्या दिवशी गावात नव्हती. सभेचं इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे.

मघाच्या मावशी त्यांच्यातल्याच. परत आल्या तर गायरानाला चर पडलेले आणि राखणीला माणूस. सात शेळ्या होत्या त्यांच्याकडे. पावसाळ्याच्या आत पाच विकाव्या लागल्या, आणि गावातल्या सगळ्यांच्याच शेळ्या एकदम बाजारात आल्यावर भाव काय मिळणार, ते तुम्ही जाणता. मग त्या आणि त्यांच्या जावा चर खणायला लागल्या. मजुरी मिळाली, पण तिच्यातून दर आठवड्याला काही पैसे 'लोकवर्गणी' म्हणून कापले जायचे. ही गोष्ट आमच्याच गावची नाही. पाणलोटाच्या कामात ती जागोजागी झालेली आहे. ज्याची जमीन सुधारते त्याने द्यायची वर्गणी मजुराच्या घामातून वळती होते, आणि अहवालात लिहिलं जातं की गावाने आपला वाटा उचलला. गावाने! मी रजिस्टरात अंगठे घेत होते. बेरीज केली तर श्रमदानात निम्म्याहून जास्त बायका निघाल्या. मला आनंद झाला हो. मी ते लाल शाईने अधोरेखित केलं.

दोन पावसाळ्यांनंतर विहिरींना पाणी चढलं. कांदा आला, डाळिंब आलं. गावात खुरपणीचं काम वाढलं, टँकर उशिरा लागायला लागला, हे मी लपवणार नाही. चारा कापून न्यायला परवानगी मिळाली, पण शेळी जे स्वतःच्या पायाने जाऊन खायची ते आता बाईने कापून डोक्यावर आणायचं, हेही त्याच सोबत आलं. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचा दिवसाला २९९ मिनिटं इतका वेळ त्यात जातो असं निघालं, आणि पुरुषाचा ९७. त्या २९९ मध्ये आमच्या प्रकल्पाने काही मिनिटांची भर घातली. ती कुणी मोजली नाहीत, कारण माझ्या रजिस्टरात तो रकाना नव्हता.

तिसऱ्या वर्षी पाहुणे आले. लेझीम, औक्षण, फेटे, सगळं झालं. पैसे देणाऱ्या संस्थेच्या बाई होत्या, चांगल्या होत्या, उन्हात माथ्यापर्यंत चढल्या. बायकांशी स्वतः बोलायचं म्हणाल्या. दुभाषी मी. त्यांनी विचारलं, कामामुळे फरक पडला का? मावशी पुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, "पानी वाढलं म्हना की. पर कुनाच्या हिरीत वाढलं ते बी इचारा त्यांना." मी पहिलं वाक्य इंग्रजीत सांगितलं. दुसरं सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? भीती होती. पुढचा टप्पा मंजूर व्हायचा होता, आमच्या सात-आठ जणांचे पगार त्यावर होते, सरपंच समोर उभे होते. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला असंही वाटलं की मावशी विषय सोडून बोलताहेत. दोन वर्षं सामाजिक कार्य शिकून आलेल्या मला वाटलं की विषय पाण्याचा आहे, विहिरीचा नाही. अहवालात छापून आलं, पाणी वाढल्याचं महिलांनी आनंदाने सांगितलं. खाली फोटो. फोटोत मावशी आहेत.

रिओपासून आजपर्यंतच्या सगळ्या कागदांमध्ये स्त्रियांचा आवाज पोचला पाहिजे असं लिहिलेलं आहे. तो वाटेत कुठे गळतो याचं एक ठिकाण मला नक्की माहीत आहे, कारण तिथे मी बसले होते.

मग वेगळं काही होऊ शकतं का? विहिरीवरचा हक्क काय आकाशातून पडलेला आहे? आपल्याच राज्यात तो मोडून दाखवलेला आहे, तेही परदेशी भागीदार नसताना. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम साधा होता : पाणी जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर विकलं जात नाही. आणि ऊस लावायचा नाही. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या लोकांनी बळीराजा धरण उभं केलं. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते, लोकांनी म्हटलं आमची वाळू आम्ही थोडी विकू आणि त्या पैशात आमचं धरण बांधू. पैसा कमी पडला तेव्हा बाहेरच्या सहानुभूतीदारांनी हात दिला. पाण्याची वाटणी सगळ्या कुटुंबांना, भूमिहीनांसकट. तिथे बाहेरचा पैसा आला, पण वाटणीचा नियम आधी ठरलेला होता. पाडव्याला ठरलेला होता म्हणा. नंतर, पाणी चढल्यावर, वाटणीचं बोलायला गेलं की कुणी ऐकत नाही. आम्ही तिसऱ्या वर्षी पाणीवाटपाचा विषय काढून बघितला. समितीची सभा दहा मिनिटांत उठली.

एका गोष्टीत मात्र थोडं यश आलं. पाहुणे येऊन गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात कोयत्यावरून परतलेल्या बायकांनी आपल्या आपण बैठक घेतली. मला बोलावलं, पण बसायला सांगितलं मागे. गायरानातल्या गवताचा लिलाव व्हायचा आणि बागाईतदार तो घ्यायचे. बायकांनी मागणी केली की लिलाव बंद, गवत शेळ्यावाल्यांच्या गटाला ठरावीक रकमेवर. चार ग्रामसभा लागल्या. मिळालं. मावशींकडे आज पुन्हा पाच शेळ्या आहेत. विहिरीचा प्रश्न आहे तिथेच आहे.

आणखी एक बाब लहान गटांसाठी बोलायलाच हवी. परदेशी देणग्यांच्या कायद्यात, एफसीआरएत, २०२० साली दुरुस्ती झाली. आता एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पूर्वी जिल्ह्याच्या संस्थेमार्फत तुमच्या-माझ्यासारख्या गटांना थोडेफार पैसे मिळायचे, त्यात एक कार्यकर्ती, एसटीचा प्रवास, शिबिराचं जेवण भागायचं. तो मार्ग बंद झाला. म्हणजे मोठ्या संस्था भागीदार आणि लहान गट फार तर लाभार्थी. काही मैत्रिणी म्हणतील, बरं झालं, परदेशी पैशाने चळवळीची एनजीओ केली होती. त्यात तथ्य आहे. पण तो निर्णय आपण आपल्या बैठकीत घ्यायचा होता, तो दिल्लीत झाला.

मी आजही पगार घेते तो अशाच एका प्रकल्पातून. हे सांगून टाकलेलं बरं. या वेळी विषय हवामान-बदलाचा आहे. शब्द नवीन आहेत, चर तेच आहेत. फरक इतकाच की या वेळी आराखड्याचा कागद हातात आल्याबरोबर आम्ही तो बायकांच्या बैठकीत मोठ्याने वाचला. 'समुदायाचे योगदान' या रकान्याशी मावशींनी मला थांबवलं आणि ते कुणाकुणाच्या घरातून येणार हे नावानिशी लिहायला लावलं. शेजारचा रकाना 'अपेक्षित लाभ'. तिथेही नावं लिहिली. दोन्ही याद्यांत सारखी नावं फार थोडी निघाली. तो कागद जोडून आम्ही संस्थेला पत्र दिलंय. ग्रामसभा डिसेंबरात नको, ऊसतोडीची माणसं परत आल्यावर घ्या. वर्गणी मजुरीतून कापू नका. आणि पाण्याचा वाटा काम सुरू होण्याआधी ठरावात लिहा. हे पत्र पैसे देणाऱ्यांनाही जावं असं आम्ही म्हटलं. इंग्रजी मी केलंय. या वेळी सगळी वाक्यं केलीत. दोघी मुलींकडून बैठकीत उलट मराठीत वाचून घेतलं, मावशींचा तसा आग्रहच होता.

पत्राला उत्तर अजून आलेलं नाही. चहा तयार आहे असं मागून खुणावताहेत. चहानंतर गटांत बसू. ज्यांनी आपापल्या गावच्या प्रकल्पाचा आराखडा आणलाय त्यांनी तो घेऊन बसावं, आणि प्रत्येक गटात ऊसतोडीला जाणारी एक तरी बाई असू द्या. गावात कोण कधी नसतं, ते तिला विचारून घ्या.